पाट्या मराठी झाल्या, अक्षर कधी होणार?

मुंबईतल्या दुकानांच्या पाट्यांचा वाद निदान कागदावर तरी मिटला आहे. २०२२ साली दुकाने व आस्थापनांच्या कायद्यात दुरुस्ती झाली. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही देवनागरीतली मराठी पाटी सक्तीची झाली, आणि तिच्यावरचं मराठी अक्षर शेजारच्या दुसऱ्या लिपीतल्या अक्षरापेक्षा लहान असता कामा नये, असंही ठरलं. व्यापारी न्यायालयात गेले. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना दोन महिन्यांची मुदत दिली, ती संपताच महापालिकेची पथकं रस्त्यावर उतरली, आणि कामगारामागे दोन हजार रुपये दंडाच्या धाकाने का होईना, शहरभर मराठी अक्षरं चढली. इंग्रजी पाट्यांना काळं फासणारे खूश झाले, मुकाट्याने पाटी बदलणारे सुटले.

आता जरा मान वर करून ती अक्षरं बघा. वांद्र्याला लिंकिंग रोडवर बघा, फोर्टात बघा, नाहीतर एखाद्या मॉलच्या दारात उभं राहून बघा. इंग्रजी नाव जाड-बारीक रेषांच्या डौलदार अक्षरांत, भोवती भरपूर मोकळी जागा ठेवून बसवलेलं असतं. त्याच्या वर तेच नाव मराठीत असतं, पण संगणकात आयत्या मिळालेल्या, परिच्छेद छापण्यासाठी केलेल्या फॉन्टमध्ये, इंग्रजीची उंची गाठण्यासाठी उभं ताणलेलं. ताणल्यामुळे काने काठीसारखे झालेले, शिरोरेषा एका जाडीची आणि उकार दुसऱ्याच, वेलांटी पत्र्याच्या कडेला टेकलेली. निरीक्षकाची टेप लावली तर पाटी उत्तीर्ण होते.

त्या टेपच्या पलीकडचा प्रश्न मला सार्वजनिक वाटतो. मोठ्या आकारात, मोजक्या शब्दांसाठी, नजर खेचून घेण्यासाठी केलेल्या टाइपला छपाईच्या धंद्यात डिस्प्ले टाइप म्हणतात. मराठीला चांगल्या, डौलदार डिस्प्ले टाइपची गरज आहे आणि तो कुठे वापरायचा, कुठे नाही, याचं भान त्याहून जास्त हवं आहे. हे चित्रकारांचे आणि जाहिरातवाल्यांचे चोचले नव्हेत. रस्त्यावर रोज दिसणाऱ्या दोन भाषांपैकी एक नटलेली आणि दुसरी हजेरी लावायला आलेली, असं चित्र वर्षानुवर्षं डोळ्यांसमोर राहिलं, तर कोणती भाषा हौसेची आणि कोणती नाइलाजाची, हे पोरांना कुणी शिकवावं लागत नाही.

डिस्प्ले टाइप म्हणजे नेमकं काय, हे खिळ्यांच्या, म्हणजे धातूत ओतलेल्या सुट्या अक्षरांच्या काळात, ती अक्षरं जुळवणाऱ्या कुठल्याही जुळाऱ्याला ठाऊक होतं. तेव्हा प्रत्येक आकाराचा खिळा वेगळा कोरावा लागे. लहान आकाराच्या अक्षरात बारीक रेषा मुद्दाम थोडी जाड ठेवत, अक्षराच्या पोटातली जागा मोकळी ठेवत, दोन अक्षरांत जरा सैल अंतर सोडत. कारण कागदावर शाई पसरते आणि पानभर वाचताना डोळा थकतो. मोठ्या आकाराला हा जाच नव्हता. तिथे रेषा केसाएवढी बारीक करता येई, वळण लांबवता येई. अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसचं दिदो घराणं आणि इटलीतल्या पार्मा शहरातला बोदोनी यांनी जाड उभ्या रेषा आणि अगदी नाजूक आडव्या रेषा यांचा जो मेळ घातला, तोच आज फॅशन मासिकांच्या मुखपृष्ठांवर, अत्तरांच्या बाटल्यांवर आणि दागिन्यांच्या जाहिरातींत 'श्रीमंती' म्हणून वावरतो. पुढे लंडनमध्ये सोडतींच्या जाहिरातींसाठी लठ्ठ अक्षरं निघाली. १८२७ मध्ये अमेरिकेत डेरियस वेल्सने लाकडी अक्षरं यंत्राने कापायला घेतली आणि हातभर उंचीचं अक्षर स्वस्त झालं. म्हणजे डिस्प्ले टाइप हे बाजाराचंच अपत्य आहे, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

संगणक आला आणि एकच आराखडा आठ पॉइंटपासून आठ फुटांपर्यंत ताणता येऊ लागला. खिळा कोरणाऱ्याला जो फरक हाताने करावा लागे, तो करणं कुणाचंच काम उरलं नाही. पुस्तकाच्या मजकुरासाठी केलेला फॉन्ट दुकानाच्या कपाळावर चढला आणि शीर्षकासाठी केलेला फॉन्ट लग्नपत्रिकेच्या मुहूर्तापर्यंत उतरला.

लग्नपत्रिका हे दुसऱ्या टोकाचं उत्तम उदाहरण आहे. वधू-वरांची नावं महिरपी, झोकदार अक्षरांत हवीत. तो त्यांचा हक्कच आहे. पण हल्ली त्याच अक्षरात मुहूर्त, कार्यालयाचा पत्ता, आजोबांच्या नावामागचं 'कै.' आणि 'आहेर आणू नये' हेही छापलेलं असतं. बारीक रेषा त्या आकारात उडून जातात, अनुस्वार कागदाच्या सोनेरी ठिपक्यांत हरवतो, आणि पाहुणे कार्यालयाचा मजला विचारायला फोन करतात. डौलदार डिस्प्ले टाइपचा नियम तसा साधा आहे. त्याला मोठा आकार द्या, थोडे शब्द द्या, भोवती हवा द्या. नाव, शीर्षक, फार तर तारीख. तिसऱ्या ओळीपासून साधा, मजकुराचा टाइप घ्या. पोटमजकूर नटवला की मथळ्याचं नटणं वाया जातं.

वाढदिवसाच्या फ्लेक्सबद्दल मी इथे लिहीत नाही. तिथे शुभेच्छुकांच्या यादीपर्यंत सगळंच डिस्प्ले असतं, आणि वाचायचं कुणाला असतं?

मराठीची अडचण मात्र आळसाच्या पलीकडची आहे, आणि ती समजून घ्यायला मुंबईच्याच छापखान्यांकडे जावं लागतं. देवनागरीचा छापील चेहरा बऱ्याच अंशी या शहरात घडला. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात थॉमस ग्रॅहमच्या हाताखाली तयार झालेले जावजी दादाजी बाहेर पडले, १८६४ मध्ये त्यांनी खिळे ओतायचा स्वतःचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू केला. राणोजी रावजी आरूंनी त्यांच्यासाठी कोरलेल्या अक्षरांचं वळण इतकं गोळीबंद होतं, की निर्णयसागरचे खिळे देशभर गेले, आणि कलकत्ता वळणाचे अ, झ, ण मागे पडून मुंबई वळणाचे रूढ झाले. आज हिंदी वृत्तपत्रात जो 'अ' दिसतो, त्याच्या वंशावळीत काळबादेवी आहे.

पण ही सगळी थोरवी मुख्यतः मजकुराच्या टाइपची. संस्कृत ग्रंथ, पोथ्या, क्रमिक पुस्तकं छापायची तर सुवाच्य मजकूर हवा. शीर्षकाची वेळ आली की मराठी माणूस चित्रकाराकडे जाई. मासिकांची नावं, दिवाळी अंकांची मुखपृष्ठं, नाटकांच्या जाहिराती हे सगळं हाताने काढलेलं अक्षर. कमल शेडगे यांनी (१९३५–२०२०) नाटकांच्या शीर्षकांत जे करून ठेवलं आहे, ते कुठल्याही भाषेला मिरवता येईल: वृत्तपत्राच्या एका कॉलमात, गिचमिड जाहिरातींच्या गर्दीत, ते शीर्षक लांबून ओळखू यायचं आणि नाटकाची जातही सांगून जायचं. र. कृ. जोशींनी अक्षराला चित्राचा आणि कवितेचा दर्जा दिला. अच्युत पालवांनी मोडीच्या वळणांतून स्वतःची लिपी काढली. दुकानांसाठी पेंटर होते. त्यांची नावं इतिहासात नाहीत, पण त्यांच्या कुंचल्याचा झटका गिरगावातल्या एखाद्या जुन्या पाटीवर अजून दिसतो.

इथेच खाच आहे. मराठीकडे डिस्प्लेचं उत्तम अक्षर होतं. डिस्प्लेचा टाइप जवळपास नव्हता. शेडग्यांनी एका नाटकाच्या नावासाठी काढलेली पाच अक्षरं म्हणजे तेवढीच पाच अक्षरं. त्यांतून तुमच्या साडीच्या दुकानाचं नाव जुळत नाही. कलावंत आहे तोवर परंपरा आहे; कलावंताने हात थांबवला की बाजाराच्या हातात काही उरत नाही. फ्लेक्स आला, पेंटर घरी बसले, आणि पोकळी भरायला त्या क्षणी संगणकात जे फॉन्ट होते ते धावले. इंग्रजीत हेच स्थित्यंतर झालं तेव्हा पेंटरच्या जागी घ्यायला दोनशे वर्षांचा डिस्प्ले टाइपचा साठा तयार होता. आपल्याकडे फडताळ रिकामं होतं.

म्हणून जुन्या पेंटरांच्या आठवणीने गहिवरणाऱ्या लेखांचा मला कंटाळा येतो. पेंटरांतही सुमार हात होतेच, आणि शहरातल्या लाखो पाट्या हाताने रंगवायच्या म्हटलं तर आता माणसं कुठून आणणार? त्या कुंचल्यातलं जे चांगलं होतं ते टाइपमध्ये उतरवून सगळ्यांच्या हाती देणं, हा खरा वारसा चालवण्याचा मार्ग. तो कुणी चाललंच नाही असंही नाही. गेल्या दहा-बारा वर्षांत देवनागरी डिस्प्ले टाइपचं चित्र पालटलं आहे. 'यात्रा वन' हा टाइप कॅथरीन ली श्मिट यांनी मुंबईच्या लोकल स्थानकांवरच्या कुंचल्याने रंगवलेल्या नावांवरून घडवला. मुंबईच्याच 'एक टाइप' या गटाने 'मोदक' केला. अक्षर इतकं गुबगुबीत, की पोटातली जागा म्हणजे नुसत्या बारीक फटी. तरी जोडाक्षर वाचता येतं. इंडियन टाइप फाउंड्रीचा 'रोझा वन' आहे, जाड-बारीकाचा टोकाचा खेळ करणारा, अगदी मोठ्या आकारासाठीच बनवलेला. हे तिन्ही फुकट उतरवून घेता येतात, धंद्यात वापरता येतात. म्हणजे 'मराठीत चांगले फॉन्टच नाहीत' हे तुणतुणं आता वाजवता येणार नाही.

मग पाट्यांवर ते का दिसत नाहीत? पाटी कशी बनते ते पाहिलं की उत्तर मिळतं. दुकानदार किंवा त्याचा वास्तुसजावटकार इंग्रजी नावाची तयार फाइल घेऊन येतो. 'मराठी तुमच्याकडचं टाका' एवढी एक ओळ देतो. पाटीवाल्याच्या संगणकात युनिकोडच्या (प्रत्येक अक्षराला सगळ्या संगणकांवर एकच क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या) आधीच्या जमान्यातला फॉन्टसंच असतो. त्यात टाइप करायची त्याच्या हाताला सवय असते, आणि नवा फॉन्ट त्याच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये टाकला की वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते, रफार उडतो, जोडाक्षराचे पाय मोडतात. त्याने जुन्याला चिकटून राहावं यात नवल नाही. त्याला मराठी अक्षरासाठी वेगळे पैसे मिळत नाहीत. पैसे चौरस फुटावर, पत्र्यावर आणि एलईडीवर ठरतात.

आणि डौल हा तर पत्र्यात कापायला सगळ्यांत महाग. कागदावर सुंदर दिसणारी केसाएवढी रेषा ॲक्रिलिकमध्ये कापली की वाहतुकीतच तुटते. अक्षराच्या आत दिवे बसवायचे तर त्या रेषेत एलईडीची पट्टी मावली पाहिजे. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरं अक्षर पेटवलं की प्रकाश रेषेच्या बाहेर सांडतो, जाड रेषा फुगते, पोटातली जागा बुजते आणि बारीक रेषा त्या झगमगाटात दिसेनाशी होते. म्हणून नाजूक टाइप हवाच असेल, तर आतून पेटवू नये. पितळेत किंवा स्टीलमध्ये अखंड कापून त्यावर बाहेरून मंद दिवा सोडावा. यात देवनागरीचा एक फायदा आहे, जो लॅटिनला नाही. शिरोरेषेमुळे अख्खा शब्द एका तुकड्यात कापता येतो, भिंतीवर तो सरळ रेषेत बसतो, एखादं अक्षर वाकडं होऊन लोंबत नाही. उलट तोटा अनुस्वाराचा. तो सुटा ठिपका असतो, वेगळा चिकटवलेला असतो, आणि मुंबईच्या खाऱ्या हवेत दोन पावसाळ्यांत गळून पडतो. देवनागरीसाठी विचार करून केलेल्या पाटीत हा ठिपका मागच्या पत्र्याला स्क्रूने बसवलेला असेल. एवढ्या बारकाईने विचार करायला कुणाला तरी पैसे मिळायला हवेत, इतकंच.

अक्षराच्या घडणीतही इंग्रजीची नक्कल चालत नाही, याचं कारण लेखणीत आहे. देवनागरीचा बोरू पाश्चात्त्य रुंद निबाच्या उलट बाजूने तिरका कापतात. त्यामुळे जाड-बारीकपणा उलट अंगाला पडतो. दिदो-बोदोनीच्या वळणात आडवी रेषा सगळ्यांत नाजूक; आपल्याकडे शब्दाची सगळ्यांत ठळक खूण म्हणजे आडवी शिरोरेषाच. ती लॅटिनच्या हिशेबाने केसाएवढी केली की अक्षरं दोरीवरून निसटल्यासारखी दिसतात. जशीच्या तशी जाड ठेवली तर शेजारच्या इंग्रजी नावाशी सूर जुळत नाही. यातून वाट काढणं हे टाइप घडवणाऱ्याचं कसब आहे. मोठ्या ब्रँडांच्या पाट्यांवर दिसतं ते मात्र भलतंच: इंग्रजी एसला कमरेत पिळून केलेला ड, ओच्या वर्तुळाला काठी लावून केलेला व, आणि शिरोरेषा 'आधुनिक' दिसावं म्हणून मधूनच कापलेली. शिरोरेषा तोडायला माझा तत्त्वतः विरोध नाही; चांगले हात ती तोडूनही शब्द एकसंध ठेवतात. इथे तोडण्यामागे कारण एवढंच असतं, की मूळ लोगोत तशी रेघ नव्हती.

मराठीची स्वतःची काही अक्षरं तर बहुतेक पाट्यांवर परकी झाली आहेत. पाकळीचा ल आणि देठाचा श ही मराठी वळणं. शासनानेही तीच मान्य केली आहेत. पण युनिकोडमध्ये मराठी आणि हिंदी ल यांचा क्रमांक एकच, रूप फॉन्टवर अवलंबून. त्यामुळे फॉन्टमध्ये मराठी रूप नसेल, किंवा असून भाषा निवडलेली नसेल, तर हिंदी वळणाचा ल उमटतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. 'व्यापाऱ्यांचा'मधला ऱ्य आणि 'ॲण्ड'मधला ॲ यांचे हाल याहून वाईट. मराठी पाटीसाठी रस्त्यावर उतरणाऱ्यांनी एकदा ल आणि श बघत दादरहून परळपर्यंत चालावं.

आता त्या समान उंचीच्या नियमाकडे येतो. इंग्रजीची मोठी लिपी एकाच मजल्यावर राहते. देवनागरीचे मजले तीन: वर मात्रा-वेलांट्या-रफार, मध्ये अक्षर, खाली उकार. एक फूट उंचीच्या पट्टीत इंग्रजी नाव जवळजवळ पूर्ण फूट घेऊ शकतं. त्याच पट्टीत 'सौंदर्य' किंवा 'कुर्ला' बसवायचं तर मधलं अक्षर निम्म्यावर येतं. मोजायचं काय? वेलांटीच्या टोकापासून उकाराच्या तळापर्यंत मोजलं तर दोन्ही लिप्या कागदावर समान, डोळ्याला मराठी लहान. शिरोरेषेपासून कान्याच्या पायापर्यंत मोजलं तरच समानता खरी. पाट्यांच्या धंद्यात ढोबळ हिशेब असतो की दहा फुटांवरून नीट वाचायला एक इंच उंचीचं अक्षर लागतं. चाळीस फुटी रस्त्यापलीकडून वाचायचं तर चार इंच. हा हिशेब लॅटिन अक्षरांवरून आलेला. देवनागरीत ते चार इंच मधल्या मजल्याचे धरायला हवेत, आणि वर-खालची जागा वेगळी. नियमात याचा एका वाक्यात खुलासा करता येईल. तेवढ्याने ताणलेली, दबलेली निम्मी अक्षरं सुधारतील असं मला वाटतं.

त्यापलीकडे सरकारने जाऊ नये. अमुकच फॉन्ट वापरा असा आदेश निघावा, असं काही मित्र उत्साहाने म्हणतात. देव करो आणि तसं न होवो. एकच टाइप लागलेला बाजार म्हणजे तलाठी कार्यालय. मिठाईच्या दुकानाला मोदकासारखं गोल अक्षर हवं, सराफाच्या पेढीला बारीक रेषांचा तोरा हवा, पैठणीच्या दुकानाला काठासारखं काहीतरी सुचावं, वडापावच्या गाडीवर तिरपं, लठ्ठ, पळतं अक्षर असावं. विविधता हीच बाजाराची भाषा. डौलदार टाइप सगळ्यांना शोभतही नाही. औषधाच्या दुकानावर तो घातक आहे. रात्री दोन वाजता धावत येणाऱ्या माणसाला तिथे तोरा नको, 'औषधं' हवं. रुग्णालयातल्या दिशादर्शक पाट्या, रेल्वेचे फलाट, बसथांबे, धोक्याच्या सूचना, भावफलक इथे डौल हा गुन्हा मानावा. बेस्टच्या बसच्या कपाळावरच्या देवनागरी आकड्याकडून एवढीच अपेक्षा, की ४ आणि ५ मधला फरक बस निघून जायच्या आत कळावा.

सरकारने स्वतःच्या पाट्यांकडे मात्र बघावं. तिथे उलटी चूक चालते. संगणकाच्या छोट्या पडद्यावर वाचता यावा म्हणून र. कृ. जोशींनी मायक्रोसॉफ्टसाठी 'मंगल' घडवला. त्या कामासाठी तो चोख होता, आणि देवनागरीतलं संगणकी लिखाण घरोघरी पोचलं त्यात त्याचा वाटा मोठा. तोच मंगल फुगवून इमारतीच्या माथ्यावर, उद्घाटनाच्या कोनशिलेवर आणि चौकाच्या नावावर लावला जातो, आणि तिथे तो फिका, पोकळ दिसतो. एखाद्या थोर माणसाचं नाव चौकाला द्यायचं आणि ते कार्यालयीन पत्राच्या अक्षरात लिहायचं, यात नावाचा मान किती राहिला? गंमत अशी की याच राज्याच्या भाषा संचालनालयाने १९७१ साली बापूराव नाईकांचा देवनागरी मुद्राक्षरांवरचा तीन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला होता, अर्थात इंग्रजीत. सर ज. जी. कला महाविद्यालय शहरात आहे, पवईच्या आयआयटीत अक्षररचना शिकवणारा आणि तिच्यावर संशोधन करणारा विभाग आहे. ज्ञान दारात आहे. निविदेच्या अटींत ते येत नाही. पत्र्याची जाडी, रंगाचा क्रमांक, हमीचा काळ हे सगळं निविदेत असतं. अक्षराचा रकाना नसतो.

एक आक्षेप गंभीर आहे. लोक म्हणतील, शहरात मराठी शाळा बंद पडताहेत, मराठी माणूस गिरगाव-परळातून उठून बदलापूरला गेला, आणि तुम्हाला शिरोरेषेची जाडी दिसते? दिसते, कारण दोन्ही गोष्टी एकाच धाग्याच्या आहेत. शाळा बंद पडतात त्या काही अंशी तरी मराठीत भविष्य, रुबाब, कमाई दिसत नाही म्हणून. तो समज पाटीमुळे तयार झालेला नाही, पण पाटी तो रोज दृढ करते. काचेच्या भिंतीमागचं महागडं घड्याळ इंग्रजीच्या नाजूक अक्षरात बोलतं, आणि मराठीत फक्त दंड टाळलेला असतो. शाळेचा प्रश्न सोडवायला पिढी लागेल. हा प्रश्न पुढच्या पाटीपासून सुटू शकतो, आणि त्याला आंदोलनही लागत नाही.

आणखी एक तक्रार सजावटकार करतात: दोन लिप्या एकत्र आल्या की पाटीचा तोल जातो. जातो, जर एक घडवलेली आणि दुसरी चिकटवलेली असेल तर. एकाच हाताने दोन्ही लिप्या घडवल्या, की जाडी, घनता आणि पोटातली जागा एकमेकांना साथ देतात. 'रोझा वन' किंवा 'यात्रा वन'मध्ये लॅटिनही सोबतच आहे, ते याचसाठी. इंग्रजी नाव आधी ठरवून मराठी त्यात कोंबण्याऐवजी दोन्ही एकदम मागा. पाटीवर नावाखेरीज काही लिहू नका. 'येथे सर्व प्रकारचे' वगैरे मजकूर खाली साध्या टाइपमध्ये घ्या. आणि पाटी मंजूर करताना ती टेबलावरच्या पडद्यावर बघू नका. अर्ध्या फुटाचा तुकडा छापून समोरच्या पदपथावरून बघा.

मोठ्या साखळी दुकानांकडे यासाठी लागणारं सगळं आहे. त्यांच्या ब्रँडचं एक नियमपुस्तक असतं. इंग्रजी नावाभोवती किती जागा मोकळी सोडायची, कुठल्या रंगावर कुठला रंग चालणार नाही, नाव तिरकं केलेलं चालणार नाही, ताणलेलं तर मुळीच चालणार नाही, हे सगळं त्यात चित्रांसह असतं. देवनागरी नावाचं पान त्यात बहुधा नसतं. म्हणून ते ताणलं जातं. देशी टाइपकारांकडून आठ-दहा अक्षरांचं नाव नीट घडवून घ्यायला जो खर्च येईल, तो त्या दुकानाच्या एका दर्शनी काचेच्या खर्चाहूनही कमी असावा. ते पान एकदा लिहिलं गेलं की मुंबईपासून नागपूरपर्यंतच्या प्रत्येक शाखेत पाटीवाल्याला तयार फाइल मिळेल, आणि त्याला स्वतःच्या संगणकातला जुना फॉन्ट उघडायचं कारणच उरणार नाही.